शब्बीर मास्तरांची तीन बोटं

शब्बीर मास्तर पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी त्यांच्याशी भांडायला खाली उतरले होते. कन्ना चौकामागच्या गल्लीत आम्ही नुकतेच वरच्या मजल्यावर राहायला आलो होतो आणि खाली त्यांचा शिलाईचा कारखाना सकाळपासून असा घरघरत होता की वर ताटातली वाटी आपोआप सरकायची. पदर खोचून मी त्यांच्या दारात उभी राहिले. मास्तरांनी मान वर केली, माझ्या मागे उभ्या असलेल्या भाचीला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "सव्वीस." मग माझ्याकडे वळून, "बोला बाई."

भाचीचं माप सव्वीस होतं की नाही, मला ठाऊक नव्हतं. पण आपलं भांडण ऐकायच्या आधीच ज्याने आपल्या घरातल्या पोरीचा फ्रॉक मनात बेतून टाकला, त्याच्याशी भांडायचं तरी कसं? "आवाज जरा कमी करता आला तर बघा," एवढंच माझ्या तोंडून निघालं. "मशिनींना सांगतो," ते म्हणाले. त्यांनी सांगितलं असणार. मशिनींनी काही ऐकलं नाही, आणि पुढे कित्येक वर्षं मी त्या घरघरीवर संसार केला.

कारखाना हा शब्द मास्तरांचा. खरं म्हणजे ती एक लांबोळकी खोली होती, पत्र्याखाली दोन ओळींत मशिनी, टोकाला कापड बेतायचं मोठं टेबल, त्यामागे मास्तरांचं बिऱ्हाड, आणि दाराशी जैबुनभाभी. भाभी म्हणजे मास्तरांची बायको. काज करणं, बटणं लावणं, सुटलेले दोरे कापणं हे त्यांचं काम. बोलायच्या फार कमी. बोलल्या की मास्तर ऐकायचे, फक्त ते कबूल कधी करायचे नाहीत.

सोलापूर म्हटलं की लोकांना चादर आठवते. चादर आमची आहेच. पण अलीकडे आमच्या गल्ल्यागल्ल्यांतून शाळेचे गणवेश शिवले जातात आणि ते कुठल्या कुठे जातात. मास्तर मात्र लांबचं काम घ्यायचे नाहीत. आसपासच्या गावांतल्या शाळा, करकंबपासून बार्शीपर्यंतचे कापड दुकानदार, एवढंच त्यांचं जग. "आपलं पोर आपल्या डोळ्यासमोर कपडा घालून जातंय ना, तवाच कळतं बरोबर शिवलंय का नाय," असं त्यांचं म्हणणं. यात धंद्याचं धोरण वगैरे काही नव्हतं. त्यांना खरोखरच रस्त्यावर उभं राहून पोरं बघायची हौस होती. शाळा सुटायच्या वेळी दारात यायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांच्या कॉलरी सरळ करायचे. कुणाचं पोर, कुठल्या जातीचं, काही नाही. पोरं त्यांना नावाने माहीत नव्हती. "ए अठ्ठावीस, बूट बांध!" अशी हाक जायची आणि बरोबर तोच पोरगा थांबायचा. क्वचित चुकायचेही. माझ्या भावाच्या गुटगुटीत चिरंजीवांना त्यांनी डोळ्याच्या मापाने शर्ट शिवला आणि पहिल्याच प्रार्थनेला बटणं उडाली. मास्तरांनी दोष घेतला नाही. "वडापाव कमी खा," एवढं बजावून नवीन शर्ट दिला.

गळ्यात कायम टेप. लेकीच्या लग्नात शेरवानीवरसुद्धा होता. भाभींनी सगळ्यांदेखत काढून घेतला तर म्हणाले, "मान उघडी उघडी लागते." ती लेक बार्शीला दिली. मूल ते एकच.

खालून वर येणाऱ्या आवाजात भाषा किती असायच्या, ते मोजणं मी सोडून दिलं होतं. मास्तर आणि भाभी घरात दखनी बोलायचे. नरसम्मा ही जुनी कारागीर. ती आधी विड्या वळायची, कुंभारीच्या विडी कामगारांच्या घरकुलातून यायची आणि रागावली की तेलुगूत रागवायची. करकंबहून लग्न होऊन इथं आलेली सुमन खणखणीत गावाकडचं मराठी बोलायची. मास्तर यातलं सगळं एका दमात बोलायचे. "सुमन, वो बाही उलटी लगाई तू, नरसम्मा चूडु, ही पोरगी मला म्हातारपणी भीक मागायला लावती बघ!" आणि सगळ्या हसायच्या. वर मी वह्या तपासत असले तरी मलाही हसू यायचं.

त्या कारखान्यात एक रिवाज होता, तो बाहेरच्या माणसाला सांगूनही पटत नाही. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. मधे काही दिवस जातात, आणि प्रत्येक भागाचा दिवस वेगळा, कधी पहाटे तर कधी दुपारी. मास्तरांना प्रत्येक बाईच्या भागातला पाण्याचा दिवस पाठ होता. त्या दिवशी ती बाई पाणी भरून, धुणं उरकून, मग यायची. कुणी विचारायचं नाही, हजेरी कापायची नाही. आणि कुणी घाईघाईत वेळेवर आलीच तर मास्तर ओरडायचे, "आज तुझ्याकडं नळ हाय! भरून आली का? जा, आधी भरून ये!" एखाद्या मालकाने कामगाराला कामावर आल्याबद्दल झापलेलं मी तेवढंच पाहिलं.

त्यांच्या या सगळ्या आटापिट्यामागे एक धास्ती होती, ती ते लपवायचे नाहीत. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तसा एक भाऊ भिवंडीला गेला, दुसरा सुरतेला. मास्तर एकटे आईजवळ राहिले. भाऊ येत, नाही असं नाही. पण मास्तर एकदा चहा बशीत ओतता ओतता म्हणाले, "गेलेला माणूस परत येतो बाई, पण पावना होऊन येतो. त्याला ताट वाढायला लागतं. माझ्या आईला स्वतःच्या पोराला 'लाजू नको, आनखी घे' म्हणावं लागलं." त्यांचा अभिमान एवढाच होता की त्यांच्या मशिनीवरची एकही बाई पोटासाठी पुण्याची गाडी धरत नाही. कुणाच्या नवऱ्याचा माग बंद पडला, कुणाचं शेत पिकलं नाही, तरी घर इथंच राहिलं, पोरं इथल्याच शाळेत गेली, किराणा इथल्याच दुकानातून भरला गेला. एवढ्या लहान खोलीवर किती चुली पेटत होत्या, हे त्या खोलीकडे पाहून कळलं नसतं.

आता त्या तीन बोटांविषयी. मास्तर पोरांचे कपडे शिवताना खाली तीन बोटं दुमड सोडायचे, स्कर्टला आणि पँटलासुद्धा. पोर वाढलं की आईने घरी उसवायचं, तीन बोटं खाली सोडायची, की आणखी एक वर्ष निघालं. "आजच्या पोरीला नको शिवू," ते नव्या बाईला शिकवायचे, "पुढच्या जूनमधल्या पोरीला शिव." मी कुंभारीच्या शाळेत शिकवत होते. तिथं निम्म्या मुलींच्या स्कर्टांना खाली गडद निळा पट्टा दिसायचा. धुऊन विटलेल्या कापडाखाली दुमडीतलं कोरं कापड. कुठली मुलगी उन्हाळ्याच्या सुट्टीत किती वाढली, ते मला त्या पट्ट्यावरून समजायचं. दुकानदारांनी मास्तरांना किती वेळा सांगितलं की दुमड कमी करा, कापड वाचेल, आणि पोरं दरवर्षी नवीन घेतील. मास्तर हौ हौ म्हणायचे आणि पुन्हा तेच.

मी निवृत्त झाले त्या सुमाराला शाळांचं काम आटत चाललं होतं. पूर्वी गावातली मंडळी ठरवायची आणि गावाजवळच्या शिंप्याला काम द्यायची. मग कपडा एकगठ्ठा कुठून तरी तयारच यायला लागला. दुकानदारही कुठूनसा स्वस्त माल मागवू लागले. खालच्या मशिनी कधी दुपारीच थांबायच्या. आवाजाबद्दल भांडायला गेलेली मी आता आवाज का थांबला म्हणून खिडकीतून वाकून बघायची.

शेवटी मास्तरांनी जन्मात घेतलं नव्हतं ते लांबचं काम घेतलं. पुण्याची एक कंपनी, मोठ्या शाळांना गणवेश पुरवणारी. त्यांचा साहेब बघायला आला तेव्हा निम्म्या मशिनी रिकाम्या होत्या. तरुण, सौम्य बोलणारा माणूस होता. "आज सुट्टी आहे का?" त्याने विचारलं.

"नाय सायेब," मास्तर म्हणाले, "आज नळ हाय."

साहेबाला काही उमगलं नाही. पण त्याने शिलाई पाहिली आणि काम दिलं. कापड कंपनीचं, कागदावर मापं कंपनीची, खाली दुमड अगदी नखाएवढी. नमुन्याचा स्कर्ट मास्तरांनी कागद समोर ठेवून शिवला. तो पसंत पडला. हे काम नीट गेलं तर वर्षभर मशिनी चालतील, नाही गेलं तर कारखाना संपला, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

टेम्पोतून तागे आले आणि घरघर पुन्हा सुरू झाली. मला इतकं बरं वाटलं की मी खाली भजी पाठवली. मास्तर टेबलाशी उभे राहून कापत होते, गुणगुणत होते. बायका कापून आलेलं शिवत होत्या. वर्षानुवर्षं तेच केलेलं, त्यात बघायचं काय! आणि काम बरंच शिल्लक असताना कापड संपलं.

मास्तर फोनवर तापले. "कापड कमी धाडलं तुमी!" पलीकडून सांगितलं गेलं की मोजून पाठवलंय. मास्तर पुन्हा तापले. तेवढ्यात सुमन एक तयार स्कर्ट हातात घेऊन उभी राहिली. तिने तो उलटा करून टेबलावर ठेवला.

"मास्तर, ह्यो बघा की. आपुन खाली दुमड सोडलीया."

मास्तरांनी पाहिलं. दुसरा उचलला, तिसरा उचलला. सगळ्यांना तीन बोटं. एकेक मशिन थांबत गेली. नरसम्मा "अय्यो देवुडा" म्हणाली आणि खाली बसली. भाभींनी उठून मास्तरांच्या हातातून फोन घेतला आणि बंद केला.

"हात गेला बाई," ते नंतर मला म्हणाले. "डोक्याला म्हाईत होतं. हाताला कुणी सांगितलंच नाय."

उरलेला माल पुरा करायला मास्तरांनी सोलापुरात तसंच निळं कापड हुडकलं आणि स्वतःच्या पदरचं घातलं. ट्यूबलाइटखाली सारखं दिसत होतं. साहेब आला, त्याने दोन्ही कापडांचा एकेक स्कर्ट उचलला आणि दारात उन्हात धरला. एक निळा, दुसरा वेगळाच निळा. मग दुमड चाचपून पाहिली. मास्तर घाईघाईने म्हणाले, "सायेब, हे बघा, दुमड हाय म्हणून पोरीला दोन वर्षं जातंय."

"मास्तर," साहेब म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटत होतं, "आम्हाला एकच वर्ष जायला हवंय."

माल नाकारला गेला. कापडाची भरपाई अंगावर आली, त्यात मशिनी गेल्या. खालचं दार बंद झालं. मला वाटलं होतं, आवाज गेला की दुपारी झोप लागेल. अजूनही लागत नाही.

थोड्या दिवसांनी त्याच साहेबाचा फोन आला. माल नाही, पण कारागीर बायका चांगल्या आहेत, आमच्या कारखान्यात पाठवा, राहायला खोल्या देऊ. मास्तरांचा आवाज पूर्ण गल्लीने ऐकला. "मेरे लोगां कईं नै जाते! फिर पूछना नक्को!" त्यानंतर ते नरसम्माला काम बघायला साखर पेठेत गेले, सुमनसाठी ओळखीच्या दोन टॉवेलवाल्यांकडे गेले. तिथं आहेत त्यांनाच पुरेल एवढं काम नव्हतं. नरसम्मा परत विड्या वळायला बसली. तिची बोटं आता पूर्वीसारखी चालत नाहीत.

मग सुमन आली. जिन्याखाली उभी राहून ती मास्तरांना सांगत होती, आणि मी वर भांडी घासायची थांबले.

"एका एजंटाला व्हय म्हनलीया मास्तर. पुन्याला. ह्यांचा माग बंद हाय, घरात बसून काय करू?"

"ऱ्हाणार कुटं?"

"त्यो म्हनला, बघू तितं गेल्यावर."

"संगं कोण हाय?"

"कोन न्हाय."

 दुसऱ्या दिवशी मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून पुण्याला गेले. साहेबाचा कारखाना बघायला. परत आल्यावर जिन्याच्या पायरीवर टेकले आणि मी न विचारताच सांगू लागले. "खोल्या बघितल्या. दाराला आतनं कडी हाय. नळ सोडून बघितला, पाणी येतंय. संडास बायकांचं येगळं हाय." आणि मग, "कापायला मशिन हाय बाई. लई मोठी. बटन दाबलं की थप्पीच्या थप्पी कापती. मास्तर ठेवीत नाय तिथं कुणी."

"म्हणजे तुम्हाला...?"

"मला कशाला?" ते म्हणाले. "पोरी एकट्या एकट्या कुणाच्या बी मागं जाण्यापरीस सगळ्या मिळून जाऊ दे."

ज्या माणसाने जन्मभर लोकांना इथं धरून ठेवलं, तो आता घरोघर फिरून पुण्याला जा म्हणून समजावू लागला. लोक ऐकायचे, कारण सांगणारे शब्बीर मास्तर होते. पण कुंभारीत एका सासूने त्यांना अडवलं. नरसम्माने मला नंतर सांगितलं. ती सासू म्हणाली, "तुमच्या शब्दावर सुनेला धाडते. पण तिथं लक्ष कोण ठेवणार? तुम्ही तर इथंच. तुमच्या घरातलं कोण जातंय?" मास्तर पाणी न पिता उठून आले.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते दिवाळीनंतरच्या एका सकाळी. त्याच आठवड्यात ते बार्शीला लेकीकडे गेले.

गल्लीच्या तोंडाशी मिनीबस उभी होती. बायका पिशव्या, गाद्यांच्या वळकट्या घेऊन चढत होत्या. सुमनचा नवरा लेकराला कडेवर घेऊन बाजूला उभा होता आणि लेकरू बसला टाटा करत होतं, त्याला अजून काही कळलं नव्हतं. मास्तर दाराशी उभे राहून एकेकीला नावाने बोलावत होते, खिडकीकडची जागा कुणाला, उलटी कुणाला होते, सगळं बघत होते. ड्रायव्हर घाई करत होता. "ओ ठेकेदार, बसवा पटापट!"

मास्तरांनी वळून पाहिलं. आपल्यालाच हाक आहे हे समजायला त्यांना वेळ लागला.

सगळ्या बसल्या. पुढची एक जागा रिकामी होती. मला वाटलं, कुणी तरी ऐनवेळी कच खाल्ली. मग कारखान्याच्या दारातून जैबुनभाभी बाहेर आल्या. काळा बुरखा, हातात एक पेटी, दुसऱ्या हातात स्टीलचा डबा. बार्शीपलीकडे हे बाईमाणूस कधी गेलं नव्हतं. त्या माझ्याजवळ थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "काज-बटन का काम है वहाँ. पोरियां अकेली हैं ना." मग मास्तरांकडे न बघता, "रमजान ईद को आती. डबे में सालन है, दो वख्त चलता."

मास्तरांनी पेटी आत सरकवली. त्यांना काही तरी बोलायचं होतं, तोंड उघडलंही होतं. ड्रायव्हरने दार ओढून घेतलं. बस वळणावर अडखळली, एक रिक्षा मागे सरली, आणि गेली.

डबा मास्तरांच्या हातात होता. सुमनचा नवरा लेकराला घेऊन निघून गेला. बाकीचेही पांगले. "वर या मास्तर, चहा टाकते," मी म्हटलं. त्यांनी नको म्हणून मान हलवली.

"बाई, तुमच्याकडं भिंतीवरचं कॅलेंडर असंल," ते म्हणाले. "ईद कवा हाय, बघा जरा."

त्यांना ते ठाऊक नसेल असं नाही. पण मी वर गेले. चष्मा लावला आणि पानं उलटत गेले. खाली मास्तर डबा धरून, मान वर करून माझ्या खिडकीकडे बघत उभे होते. डिसेंबरचं पान आलं, त्यामागे पुठ्ठा लागला. या वर्षाची ईद केव्हाच होऊन गेली होती, आणि पुढची त्या कॅलेंडरात नव्हती.